संगणक प्रणाली आल्या, पण कामकाज जुन्याच वाटेने चालते: सुरुवात कोठून करावी?

इतिहासाचा अध्यापक (प्रश्न)

सर्व सभासदांना नमस्कार. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. संगणकशास्त्राचे माझे शिक्षण झालेले नाही. तरीही चालू सत्रापासून माहिती तंत्रज्ञान समितीचे निमंत्रकपद माझ्याकडे आले आहे आणि पुढच्या वर्षाचा आराखडा मला प्राचार्यांसमोर ठेवायचा आहे. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्या मंडळींचा सल्ला हवा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे साधनांची वाण नाही. प्रत्येक वर्गात प्रोजेक्टर आहे, आवारात वाय-फाय आहे, प्रवेशापासून निकालापर्यंतच्या कामासाठी घेतलेली एक मोठी प्रणाली आहे, अध्यापनासाठी मूडल (अभ्याससाहित्य, चाचण्या आणि चर्चा यांसाठीची ऑनलाइन प्रणाली) आहे आणि ग्रंथालयाची स्वतःची वेगळी प्रणाली आहे. निमंत्रकपद स्वीकारल्यावर मी दोन आठवडे कोणताही निर्णय घेतला नाही. कार्यालयात, प्रयोगशाळांत, प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन बसलो आणि कोण कोणते काम कसे करते ते वहीत उतरवून घेतले.

हजेरीचे उदाहरण देतो. प्राध्यापक वर्गात नावे पुकारून कागदी हजेरीपटावर खुणा करतात. महिनाअखेरीस तो कागद विभागाच्या लिपिकाकडे जातो आणि त्या सर्व खुणा बसून प्रणालीत भरल्या जातात. प्राध्यापकांना वर्गातूनच हजेरी भरण्याची सोय आहे, पण ती कोणी वापरत नाही. का वापरत नाहीत हे कळावे म्हणून मी स्वतः भरून पाहिली. लॉगिन करणे, विषय आणि तुकडी निवडणे आणि यादी उघडणे यांत साडेसहा मिनिटे गेली. उघडलेल्या यादीत तुकडी बदलून गेलेली चार मुले अजून होती आणि नव्याने आलेल्या दोघांची नावे नव्हती. त्या दोघांपैकी एक विद्यार्थिनी तास संपल्यावर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, ग्रंथालयातही माझे नाव नाही, त्यामुळे मला पुस्तक मिळत नाही." तिने शुल्क भरून प्रवेश घेतल्याला तेव्हा पाच आठवडे झाले होते.

अंतर्गत गुणांचेही तेच. प्राध्यापक गुण एक्सेलमध्ये भरतात, त्याची छापील प्रत काढून सही करतात आणि ती प्रत पाहून परीक्षा विभागात तेच आकडे पुन्हा टंकले जातात. मूडलवर बहुतेक विषयांची पाने उघडलेली आहेत, पण त्यांवर अभ्यासक्रमाची एक पीडीएफ सोडल्यास काही नाही. प्रशिक्षण झाले नव्हते असेही नाही. सभागृहात दिवसभराची कार्यशाळा झाली होती आणि सर्वांना प्रमाणपत्रे मिळाली होती.

समितीतील काही सदस्यांच्या मते सध्याची प्रणाली कालबाह्य झाली आहे आणि नवी घेतल्याशिवाय गाडी रुळावर येणार नाही. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमक्या शब्दांत मांडता येत नाही. आराखड्यात सर्वांत आधी काय असावे? आणि वर्षाअखेरीस काम साधले की नाही हे कशावरून ओळखावे? आजवरच्या अहवालांत संगणकांची संख्या आणि इंटरनेटचा वेग एवढेच लिहिले गेले आहे.

सर्व्हरकक्ष

सर, मी एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात बरीच वर्षे प्रणाली प्रशासक म्हणून काम करत आहे. आपण आधी हिंडून पाहिलेत आणि वहीत लिहून ठेवलेत, हे काम बहुतेक ठिकाणी खरेदीनंतरही होत नाही. ती वही जपून ठेवा, कारण तुमचा आराखडा तिच्यातूनच निघणार आहे.

पुस्तक न मिळालेल्या विद्यार्थिनीपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमच्या सर्व अडचणींचे मूळ तिच्या प्रसंगात आहे. तिचे नाव प्रवेशाच्या नोंदीत आहे, हजेरीच्या यादीत नाही, ग्रंथालयात नाही आणि बहुधा मूडलवरही नाही. याचा अर्थ तुमच्याकडे विद्यार्थ्यांच्या चार वेगवेगळ्या याद्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत राहतील याची जबाबदारी कोणावरही नाही. प्रत्येक विभाग आपापली यादी प्रामाणिकपणे सांभाळतो, तरीही सगळ्या याद्या चुकीच्या असतात. अशा स्थितीत नवी प्रणाली घेतली तर या चार याद्यांचा पसारा नव्या घरात जाईल आणि तो आवरताना पहिले वर्ष संपेल. आपल्याला नेमक्या शब्दांत मांडता न आलेले कारण हेच असावे.

माझा सल्ला असा की एक मोठा कागद घ्यावा आणि त्यावर माहितीची प्रत्येक बाब लिहावी: विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, तुकडी, निवडलेले विषय, छायाचित्र, शुल्काची स्थिती, गुण. प्रत्येक बाबीपुढे ती प्रथम कोठे नोंदवली जाते, तिच्यात बदल करण्याचा अधिकार कोणत्या पदावरील व्यक्तीला आहे आणि बाकी कोणत्या प्रणालींनी ती फक्त वाचायची आहे, हे लिहावे. एका बाबीला एकच धनी असावा. तुकडी बदलण्याचा धनी शैक्षणिक विभाग असेल तर हजेरी, मूडल आणि ग्रंथालय या तिघांनी ती माहिती तेथूनच घ्यावी. ती दर रात्री आपोआप गेली तर उत्तमच. तशी सोय नसेल तर ठरलेल्या वेळी एका ठरलेल्या व्यक्तीने ठरलेल्या स्वरूपातील फाइल काढून तिन्ही ठिकाणी चढवावी. हे दुसरे काम दिसायला मागासलेले वाटते, परंतु तेवढ्याने विद्यार्थिनीला पाच आठवड्यांऐवजी दुसऱ्या दिवशी पुस्तक मिळते.

हा कागद तयार करताना वाद होतील. आमच्याकडे पत्ता कोणी बदलावा या एकाच प्रश्नावर तीन बैठका झाल्या. ते वाद टाळू नका, कारण तेव्हा टाळलेला प्रत्येक वाद पुढे परीक्षेच्या तोंडावर तक्रार होऊन परत येतो. आणि या बैठकांना प्राचार्य किंवा कुलसचिव स्वतः बसले पाहिजेत. दोन विभागांपैकी अधिकार कोणाचा, हे संगणक केंद्राने ठरवून चालत नाही.

यानंतर येते ती ओळख, म्हणजे एका व्यक्तीला सर्वत्र चालणारे एकच लॉगिन. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने १९८३ मध्ये सुरू केलेल्या अथेना प्रकल्पाचे उद्दिष्ट साधारण असेच होते: विद्यार्थ्याने आवारातील कोणत्याही संगणकापुढे बसावे, आपले नाव द्यावे आणि त्याच्या स्वतःच्या फाइली तेथे मिळाव्यात. आज जगभर वापरली जाणारी कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत त्या प्रकल्पातून आली. युरोपातील विद्यापीठांतून सुरू झालेली एज्युरोम ही वाय-फाय व्यवस्था याच विचाराचा पुढचा टप्पा आहे. दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या प्राध्यापकाचा पासवर्ड यजमान संस्था तपासत नाही. ती विचारणा त्याच्या मूळ संस्थेकडे पाठवते आणि तिच्या होकारावर त्याला आत घेते. आज ती व्यवस्था शंभराहून अधिक देशांत चालते, आणि ती चालते याचे कारण प्रत्येक संस्था फक्त आपल्या माणसांची ओळख सांभाळते आणि ती नीट सांभाळते. तुमच्या आवारातही हेच तत्त्व लावता येईल. लॉगिनचा विषय निघालाच आहे तर, दर दोन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावण्याचा नियम तुमच्याकडे असेल तर तो काढून टाकावा. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कारणाशिवाय ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असे सांगितले आहे. अशा नियमामुळे माणसे पासवर्डच्या शेवटी एकेक आकडा वाढवत जातात किंवा तो चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतात.

आता बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव प्रत. याविषयी मी जरा कळकळीने लिहितो, कारण मी स्वतः चटका खाल्ला आहे. एका संस्थेत मी नवीन असताना रोज पहाटे बॅकअप यशस्वी झाल्याचा ईमेल येत असे आणि तो वाचून मी निर्धास्त राहत असे. एके दिवशी प्रयोगशाळेच्या नोंदींची एक फाइल चुकून पुसली गेली, म्हणून मी बॅकअप उघडला. फाइलींची नावे सगळी होती, तारखा बरोबर होत्या आणि प्रत्येक फाइलचा आकार शून्य होता. सात महिन्यांपूर्वी डिस्क बदलताना वाचनाचा एक अधिकार द्यायचा राहिला होता आणि तेव्हापासून आम्ही रोज रिकाम्या फाइली जपत होतो. मोठमोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठातील महासंगणकाच्या साठ्यातून सुमारे ७७ टेराबाइट माहिती पुसली गेली. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये केलेला बदल सदोष होता आणि जुन्या नोंदी काढण्याऐवजी त्याने मूळ फाइलीच काढून टाकल्या. १४ संशोधन गटांना त्याची झळ बसली आणि त्यांतील चार गटांची माहिती परत मिळण्यासारखी नव्हती. म्हणून आराखड्यात "बॅकअपची व्यवस्था" एवढेच लिहू नका. दर सत्रात एकदा, ठरलेल्या दिवशी, एक पूर्ण प्रणाली बॅकअपमधून दुसऱ्या यंत्रावर उभी करून दाखवावी, तिला किती तास लागले ते लिहावे आणि तिच्यातील दहा विद्यार्थ्यांचे गुण मूळ गुणांशी ताडून पाहावेत, असे लिहा.

परीक्षा आणि प्रवेशाच्या काळात कोणत्याही प्रणालीत बदल करायचा नाही, हा नियमही लेखी करून घ्या. पुरवठादार नेमका त्याच आठवड्यात नवी आवृत्ती चढवू पाहतो, असा माझा अनुभव आहे.

गणिताची शिक्षिका

सर्व्हरकक्ष सरांनी लिहिलेले सर्व मला मान्य आहे, मात्र त्यांनी सांगितलेली सगळी कामे पूर्ण झाली तरी मूडलवरची पाने रिकामीच राहतील असे मला वाटते. याद्या जुळल्या की हजेरीचा आणि ग्रंथालयाचा प्रश्न सुटेल. अध्यापनाचा प्रश्न वेगळा आहे.

शिक्षणात संगणक कसा रुजतो याचे मला सर्वांत भावलेले उदाहरण अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाचे आहे. तेथील जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा तयार केली आणि १ मे १९६४ च्या पहाटे तिच्यातील पहिले प्रोग्रॅम चालले. एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा, अशीही व्यवस्था त्यांनी केली. यामागचा विचार माझ्या दृष्टीने भाषेहून महत्त्वाचा आहे. डार्टमथचे बहुसंख्य विद्यार्थी विज्ञान शाखेचे नव्हते आणि ज्यांचा गणिताशी फारसा संबंध येणार नाही अशांनाही संगणक हाताळता यावा, अशी त्यांची इच्छा होती. मुक्त ग्रंथालयात जसे कोणीही कपाटापाशी जाऊन पुस्तक काढतो, तसा संगणक परवानगीशिवाय वापरता यावा, अशी त्यांची कल्पना होती. त्यांनी भाषेतील शब्द सोपे ठेवले आणि चूक झाली तर ती लगेच कळेल याची काळजी घेतली. पुढे १९७० मध्ये केमेनी त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले, त्यामुळे हा विचार संस्थेच्या कारभारातही टिकला.

आपल्याकडे उलटे होते. प्रणाली आधी ठरते, ती चालवणाऱ्याच्या सोयीने तिची रचना होते आणि शिक्षकाला शेवटी सभागृहात बसवून बटणे दाखवली जातात. माझ्या विभागात आम्ही ती पद्धत सोडली. कार्यशाळेऐवजी मी एकेका सहकाऱ्याकडे जाऊन एवढेच विचारले, "तुमच्या विषयात दरवर्षी तुम्हाला सर्वांत जास्त कंटाळा कोणत्या कामाचा येतो?" रसायनशास्त्राच्या बाईंनी सांगितले की प्रयोगापूर्वी मुले वाचून येत नाहीत आणि पहिला अर्धा तास तेच समजावण्यात जातो. आम्ही दोघींनी बसून मूडलवर पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी तयार केली. प्रयोगाच्या आदल्या रात्रीपर्यंत ती सोडवायची, हवी तितक्या वेळा सोडवायची आणि चुकल्यास कोणते पान वाचावे ते तेथेच दिसावे, अशी तिची मांडणी होती. तिला जेमतेम दोन तास लागले. तिसऱ्या आठवड्यात बाई स्वतः दहा नवे प्रश्न घेऊन माझ्याकडे आल्या आणि सत्र संपेपर्यंत शेजारच्या टेबलावरचे दोन सहकारी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. त्या दोघांना मी काहीही सांगितले नव्हते.

सर, आपल्या आराखड्यात शिक्षकांच्या वेळेची तरतूद जरूर करावी. चांगली प्रश्नपेढी तयार करणे हे पाठ्यपुस्तकाचे प्रकरण लिहिण्याइतके कष्टाचे काम आहे. ते कार्यभारात धरले जात नसेल, तर उत्साही शिक्षक एक वर्ष करतील आणि दुसऱ्या वर्षी थकतील. सुरुवातीला निवडायचा विभागही विचारपूर्वक निवडावा. संगणकशास्त्राच्या विभागात कोणताही प्रयोग यशस्वी होतो आणि त्यावरून इतरांविषयी काही समजत नाही. जेथे सर्वसाधारण सवयीचे आणि सर्वसाधारण शंकांचे शिक्षक आहेत, अशा विभागापासून आरंभ करावा. आपलाच इतिहास विभाग का नसावा?

आणखी एक. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेली प्लेटो ही प्रणाली संगणकाने धडे शिकवावेत म्हणून तयार झाली होती. १९७३ मध्ये तिच्यात नोट्स नावाची चर्चेची सोय आली आणि माणसे एकमेकांशी बोलण्यासाठी तिच्याकडे ओढली गेली. मूडलवर चर्चेची जागा असते, तिच्याकडे आपण दुर्लक्ष करतो. विद्यार्थ्याने रात्री अकरा वाजता विचारलेल्या शंकेला दुसऱ्या विद्यार्थ्याने उत्तर दिलेले सकाळी वाचायला मिळते, तेव्हा मला त्या पानाचा खरा उपयोग झाला असे वाटते.

परीक्षा विभाग

मी परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक आहे. वरील दोघांइतके मला लिहिता येणार नाही, पण गुण पुन्हा टंकण्याविषयी जे लिहिले आहे ते काम मी कित्येक वर्षे केले आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

सर, आपण त्या छापील प्रतीची पद्धत बंद करण्याआधी ती का सुरू झाली हे एकदा विभागात विचारावे. आमच्याकडे ती हट्टाने टिकलेली नव्हती. एका वर्षी प्राध्यापकांनी प्रणालीत थेट गुण भरले, निकाल लागला आणि नंतर एका विषयाचे गुण बदललेले आढळले. कोणी बदलले हे सांगता येईना, कारण संपूर्ण विभाग एकाच लॉगिनने काम करत होता. तेव्हापासून सहीचा कागद आला. तो कागद आमचा पुरावा आहे. प्रणालीने तोच पुरावा दिला, म्हणजे कोणी, कधी, कोणता आकडा कशावरून काय केला हे जतन केले आणि गुण एकदा निश्चित केल्यावर दुसऱ्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय बदलता येणार नाहीत अशी सोय केली, तर कागद आपोआप बंद होईल. आमच्याकडे तसा तो झाला. त्याआधी आदेश काढून तो बंद करण्याचा प्रयत्न दोनदा झाला होता आणि दोन्ही वेळा लोकांनी कागद खणात ठेवून काम चालू ठेवले होते.

दुसरे असे की प्रणाली बनवणारे लोक नेहमीच्या विद्यार्थ्याचा विचार करतात. आमचा दिवस मात्र नेहमीपेक्षा वेगळ्या विद्यार्थ्यांत जातो. एखादा मध्येच वर्ष सोडून परत आलेला असतो, एखाद्याला जुन्या अभ्यासक्रमाने परीक्षा द्यायची असते, एखादी आजारपणामुळे फक्त तोंडी परीक्षेला बसलेली नसते, तर एखाद्याने नाव बदललेले असते. असे विद्यार्थी शंभरात मोजकेच असतात, पण परीक्षा विभागाच्या खिडकीपुढची रांग त्यांचीच असते. कोणतीही प्रणाली दाखवायला माणसे आली की मी अशा बारा विद्यार्थ्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवतो आणि सांगतो की आमच्यासमोर यांचे निकाल लावून दाखवा. तयार केलेले सादरीकरण तेथेच थांबते आणि खरे बोलणे सुरू होते. ही यादी करायला आपल्या लिपिकांना सांगावे. त्यांना ती तोंडपाठ असेल.

जुनी पद्धत बंद करण्याआधी एक पूर्ण परीक्षा दोन्ही पद्धतींनी चालवावी आणि दोन्ही निकाल ओळीने ताडावेत. त्या काळात कर्मचाऱ्यांचे काम दुप्पट होते, त्यासाठी जादा माणसे द्यावीत. आम्हाला ती मिळाली नव्हती. महिनाभर आम्ही रात्री साडेआठपर्यंत बसत होतो आणि तेव्हाचा राग नव्या प्रणालीवर पुढची दोन वर्षे निघत राहिला.

ग्रंथपाल

ग्रंथालयाच्या बाजूने दोन गोष्टी सांगते. मूडलवर आणि ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात चढवल्या जाणाऱ्या बहुतेक पीडीएफ म्हणजे पानांची छायाचित्रे असतात. त्यांतील शब्द शोधता येत नाहीत आणि अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तेथे मुके होते. आमच्या एका विद्यार्थ्याने सत्राच्या सहाव्या आठवड्यात येऊन सांगितले की त्याच्यासाठी प्रत्येक फाइल कोरा कागद आहे. तोवर त्याचे मित्र त्याला वाचून दाखवत होते आणि आम्हाला कोणालाही त्याची कल्पना नव्हती. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून आहेत. खरेदीच्या अटींत त्यांचा उल्लेख करावा आणि स्वीकारण्यापूर्वी माऊसला हात न लावता, फक्त कळफलकाने, प्रत्येक मुख्य काम करून पाहावे. त्यासाठी कोणाही तज्ज्ञाची गरज लागत नाही.

दुसरी गोष्ट मुक्त प्रणालींची, म्हणजे ज्यांचा मूळ प्रोग्रॅम कोणालाही वापरता आणि बदलता येतो अशा प्रणालींची. कोहा ही ग्रंथालय प्रणाली न्यूझीलंडमधील एका लहानशा सार्वजनिक ग्रंथालय संस्थेसाठी बनली, कारण त्यांची जुनी प्रणाली सन २००० चा आकडा ओलांडू शकणार नव्हती. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि मुक्त परवान्यामुळे पुढे असंख्य ग्रंथालयांत, विद्यापीठांतही, पोहोचली. ती फुकट मिळते म्हणून तिच्यावर खर्च नाही, असे मात्र कोणी समजू नये. परवान्याचा खर्च वाचतो, तो तिच्याकडे लक्ष देणाऱ्या माणसाच्या पगारात घालावा लागतो. आमच्याकडे हे माणूस नेमल्यानंतरच साधले.

इतिहासाचा अध्यापक

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या उत्तरांच्या प्रती काढून मी समितीच्या बैठकीत वाचून दाखवल्या. परीक्षा विभागाच्या सरांचे उत्तर ऐकताना आमच्या परीक्षा विभागाच्या प्रतिनिधी, ज्या आजवर बैठकीत कधी बोलल्या नव्हत्या, त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आमच्याकडेही सगळे एकाच लॉगिनने काम करतात. प्राचार्यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन देण्याचे काम याच आठवड्यात सुरू झाले आहे.

नव्या प्रणालीचा विचार एक वर्ष पुढे ढकलला आहे. माहितीच्या बाबींचा कागद आम्ही भिंतीवर लावला आहे. त्यावर आतापर्यंत ३१ बाबी आल्या असून त्यांतील नऊ बाबींना दोन दोन धनी आहेत आणि तीन बाबींना एकही नाही. वर्षाअखेरीचे मोजमाप म्हणून आम्ही दोन गोष्टी धरल्या आहेत. प्रवेश निश्चित झाल्यापासून विद्यार्थ्याचे नाव हजेरी, मूडल आणि ग्रंथालय या तिन्ही ठिकाणी येईपर्यंत किती दिवस लागतात, ही पहिली. एकच आकडा संस्थेत किती वेळा पुन्हा टंकला जातो, ही दुसरी. मूडलचा प्रयोग गणिताच्या बाईंच्या सूचनेप्रमाणे इतिहास विभागातच करणार आहोत आणि माझ्या दोन सहकाऱ्यांचा आठवड्याचा एक तास त्यासाठी मोकळा करून घेतला आहे.

एक शंका उरते. सध्याच्या पुरवठादाराशी असलेला करार पुढच्या वर्षी संपतो. पुढे त्याच्याशीच करार केला किंवा दुसऱ्याशी केला, तरी कोणती अट आम्ही सोडू नये?

सर्व्हरकक्ष

सर, करार संपताना माहिती परत मिळण्याची अट सोडू नका. "माहिती संस्थेच्या मालकीची राहील" एवढे वाक्य पुरत नाही, कारण मालकी मान्य करूनही ती वाचता न येणाऱ्या स्वरूपात हाती दिली जाते. संपूर्ण माहिती कोणत्याही साध्या प्रोग्रॅमने उघडता येईल अशा स्वरूपात, युनिकोडमध्ये (म्हणजे मराठी अक्षरे कोणत्याही संगणकावर नीट दिसतील अशा मानकात), प्रत्येक रकान्याच्या अर्थासह आणि छायाचित्रांसारख्या जोडलेल्या फाइलींसह, वर्षातून दोनदा आणि करार संपताना एकदा विनामूल्य मिळेल, असे लिहून घ्या. शिवाय पहिली अशी फाइल करारावर सही करण्याआधी मागा. ती आली की परीक्षा विभागाच्या सरांच्या पद्धतीने बारा अवघड विद्यार्थी निवडा आणि त्या फाइलीत त्यांच्या सर्व परीक्षांची पूर्ण नोंद सापडते का, ते आपल्या लिपिकांना तपासायला द्या. आमच्याकडे पहिल्या फाइलीत बारांपैकी सातच सापडले होते. उरलेल्या पाचांच्या पुनर्परीक्षांच्या नोंदी पुरवठादाराच्या कोणत्या तक्त्यात आहेत हे शोधायला त्यांच्याच माणसांना अकरा दिवस लागले.